माझे अध्यापनविषयक विचार, ओळ एक

किस्से कोणी जमवत नाही. ते जिन्याखालच्या चपलांसारखे असतात. आपण आपली एक जोडी काढून ठेवतो आणि बघता बघता तिथं कुणाकुणाच्या, कुठल्या कुठल्या जोड्या येऊन पडतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

परवा आमच्या नातीनं अशीच एक ओढली. ती इंग्रजीची डॉक्टर आहे. नाडी बघायची नव्हे, शिकवायची. एका कॉलेजात नोकरीचा अर्ज भरत बसली होती. मला म्हणाली, "आजी, यांनी टीचिंग फिलॉसफी स्टेटमेंट मागितलंय. मी कशी शिकवते, का शिकवते. दोन पानं. काय लिहू?"

मी म्हणलं, "कशी शिकवतेस?"

"तेच तर लिहायचंय."

"लिहू नको. सांग."

ती फोनवर बोटानं काहीतरी वर ढकलत म्हणाली, "यात रेडीमेड मिळतात, आजी."

"रेडीमेड झंपर अंगाला बसलेलं बघितलंयस का कधी? काखेत तरी ओढतं नाहीतर गळ्याशी तरी. असलं स्टेटमेंट मी लिहिलेलं आहे."

"तू?" तिनं फोन खाली ठेवला. बारा महिन्यांत पहिल्यांदा.

हो, मी. मॅट्रिक नाही, ट्रेनिंग नाही, शाळेचं तोंड पाहिलं ते थेट मास्तरीण म्हणून. आणि लिहिलं ते असं लिहिलं की नोकरी जायची वेळ आली होती.

*

जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले ती ही वर्षं. मराठवाडा मुंबईला गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, आणि शहर आंध्राला मिळालं. आम्ही शहरातले मराठी लोक कुठंच गेलो नाही. आम्ही काचीगुड्यात होतो तिथंच होतो. राज्य आमच्या पायाखालून सरकलं.

आमची शाळा बरकतपुऱ्यात एका भाड्याच्या घरात भरायची. मराठी मुलींची, पाचवीपर्यंत. स्वयंपाकघरात पहिली, माजघरात दुसरी, ओसरीवर तिसरी. तिसरी माझी. मुख्याध्यापिका सुशीलाबाई, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू, जरी त्या माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या. गणिताला देशपांडे मास्तर, बीटी झालेले, धोतराच्या निरीपर्यंत ट्रेन्ड. उर्दूला कादरी मास्तर, म्हातारे, शेरवानीच्या खिशात कायम सुपारी.

एक दिवस नव्या शिक्षण खात्याचं पत्रक आलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. ज्या शिक्षकांचं ट्रेनिंग झालेलं नाही त्यांनी आपले अध्यापनविषयक विचार स्वतः लिहून पाठवावेत. इन्स्पेक्टर येऊन ते वाचतील, वर्ग बघतील. समाधान झालं नाही तर त्या शिक्षकाला कामावरून कमी करण्यात येईल.

वाचून झाल्यावर सगळे पत्रकाकडे बघत राहिले. माझ्याकडे कोणी बघेना. कारण ट्रेनिंग न झालेली सबंध शाळेत मी एकटी.

मोठ्या बाई चाचरत म्हणाल्या, "द्वारकाबाई, तुमचे विचार हवेत त्यांना."

मी म्हणलं, "माझे विचार तर काचीगुडा स्टेशनापर्यंत ऐकू जातात. त्यांनी खिडकी उघडावी."

कादरी मास्तर हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. घरी आमच्या ह्यांचं कोर्टातलं ऑफिसही तेव्हा अर्धं इकडं अर्धं तिकडं चाललं होतं, हे त्यांना माहीत होतं. आणि मी ती नोकरी पोटासाठीच फक्त करत नव्हते, हेही त्यांना माहीत होतं.

*

मी शाळेत शिरले ती भांडायला.

पुतणीला हिशोब चुकला म्हणून उन्हात उभं केलं होतं. मी तशीच, ओल्या हातानं, तिथं पोचले आणि मोठ्या बाईंना म्हणलं, पोरीला हिशोब आला नाही तर शिकवणारीला उभं करा उन्हात. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती बाई आत्ताच नोकरी सोडून गेली. तुम्ही शिकवता का?"

आता भांडायला आलेल्या बाईनं माघार कशी घ्यायची? मी म्हणलं, शिकवते.

वाचायला मी घरीच, दिराच्या पुस्तकांतून, आपली आपण शिकले होते. पावकी, निमकी, दिडकीचे पाढे तोंडपाठ. भाजीवाला मला फसवू शकत नव्हता. पण पुस्तकातले अपूर्णांक उघडले आणि बघते तर आकड्यांच्या डोक्यावर आकडे बसलेले, मधे एक रेघ. अर्धा अधिक एक तृतीयांश. मला काही उमजेना.

वर्गात वत्सला म्हणून एक पोर होती, तिला येत होतं. तिला म्हणलं, तू ये फळ्यापाशी. आणि मी जाऊन पोरींच्यात सतरंजीवर बसले. तेव्हा मला लांबचं धड दिसत नसे आणि चष्मा करायचा राहून गेला होता, म्हणून पहिल्या रांगेत.

वत्सलानं सांगितलं. मी म्हणलं, "नाही कळलं." तिनं परत सांगितलं. "नाही कळलं." पोरगी रडकुंडीला आली. मग एकदम फळा सोडून खाली आली आणि सतरंजीच्या पट्ट्या मोजायला लागली. बारा पट्ट्या. यातल्या अर्ध्यावर तुम्ही बसलात बाई, म्हणजे सहा. तिसऱ्या हिश्श्यावर ही सुमन, म्हणजे चार. उरल्या दोन. दोघी मिळून किती जागा अडवून बसलात?

कळलं! मलाही कळलं आणि आजवर मान डोलावणाऱ्या निम्म्या वर्गालाही तेव्हाच कळलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. कधीपासून कोण जाणे. बाहेर बोलावून हळूच म्हणाल्या, "द्वारकाबाई, ही कुठली पद्धत?"

"मला येत नाही, ही पद्धत," मी म्हणलं.

त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे. विनय आणि मी! पण तेव्हापासून ती पद्धतच पडली. नवीन काही आलं की एक पोर फळ्यापाशी आणि मी सतरंजीवर. सतरंजीवर यायचं तर चपला दाराबाहेर. पोरीच्याही आणि माझ्याही.

दुसरा कायदा फडक्याचा. पोरींची चूक झाली की त्या ओलं फडकं फिरवून अशा साळसूद बसायच्या की चूक कुठं झाली होती हे त्यांनाही आठवत नसे. मी सगळी फडकी गोळा करून कपाटात घातली. ज्याची चूक त्यानं शोधायची. सापडेपर्यंत पाटीवर तशीच राहील. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फळ्यावरच्या माझ्या चुकांनाही तोच कायदा. माझी एक वजाबाकी शनिवारी चुकली ती सोमवारी दुपारपर्यंत फळ्यावर नांदत होती. रविवारी त्याच ओसरीवर घरमालकाकडचं केळवण झालं. पंगतीतला एक पाहुणा म्हणे जेवता जेवता ती वजाबाकी बघून अस्वस्थ झाला आणि जिलबी अर्धी टाकून उठला.

*

तर हे असं शिकवणं. आता ते कागदावर उतरवायचं.

देशपांडे मास्तर मदतीला आले. माणूस मनाचा फार चांगला. त्यांना कोणी मागितलं नव्हतं तरी त्यांनी स्वतःचे अध्यापनविषयक विचार लिहून तयार ठेवले होते, पुठ्ठ्यात घालून. मला वाचून दाखवले. बालक हे कोवळं रोपटं. शिक्षक हा माळी. वर्ग ही वाटिका. बालकाच्या सुप्त शक्तींचा क्रमशः विकास.

मी म्हणलं, "मास्तर, परवा तुमच्या वाटिकेतनं एक रोपटं कान धरून बाहेर काढलंत ते?"

मास्तरांनी पुठ्ठा मिटला. "द्वारकाबाई, हे करायचं नसतं. हे लिहायचं असतं."

*

हेच देशपांडे मास्तर मधे एकदा आम्हाला सोडून निघाले होते.

तेव्हा सरकारी काय, खाजगी काय, ज्याला त्याला एकच प्रश्न: तिकडं जाणार की इकडं राहणार? रोज कुणाचं तरी सामान स्टेशनावर जायचं. माझ्या वर्गातल्या पोरी एकेक करून नांदेडला, परभणीला, औरंगाबादला गेल्या. वत्सलाही गेली. सतरंजीच्या पट्ट्या दिसायला लागल्या होत्या.

मास्तरांचे मेव्हणे नांदेडला होते. त्यांनी तिथल्या शाळेत जागा बघून ठेवली. मास्तर तिकडं जायला निघाले. आम्ही त्यांना हार घातला, मोठ्या बाईंच्या डोळ्यात पाणी आलं, कादरी मास्तरांनी सुपारीची डबी दिली.

चौथ्या दिवशी मास्तर गणिताच्या तासाला हजर.

"काय झालं? जागा नव्हती?"

"जागा होती."

"पगार कमी?"

"जास्त होता."

"मग?"

मास्तरांनी खडूचा तुकडा बोटात फिरवला. "तिथं सगळेच मराठी बोलतात हो, द्वारकाबाई. टांगेवालासुद्धा. मला वेगळं कोण विचारणार?"

कादरी मास्तरांनी हात पुढं केला. "तो फिर डबी वापस करो."

*

कादरी मास्तरांची मदत करायची तऱ्हा निराळी. म्हणाले, "बाई, आप लिखो नक्को. आप बोलो, मैं लिखतूँ. जो दिल में है सो बोलो."

मधल्या सुटीत बसलो. त्यांनी बोरू तासला, दौत उघडली, कागद मांडीवर घेतला. मी बोलायला लागले. पोरींना गप्प बसवून शिकवणाऱ्यांबद्दल बोलले. घोकंपट्टीबद्दल बोलले. उन्हात उभं करणाऱ्यांबद्दल बोलले. ट्रेनिंग घेऊन आलेल्या एका बाईंनी भूगोल शिकवताना गोदावरी कुठून निघते ते विचारणाऱ्या पोरीला ‘पुस्तकातनं निघते’ असं सांगितलं होतं, त्याबद्दल जरा जास्तच बोलले. पत्रक काढणाऱ्या खात्याबद्दलही बोलले. सुटी संपल्याची घंटा झाली.

बघते तर कागद कोरा. बोरू वाळलेला.

"मास्तर, लिहिलं का नाही?"

कादरी मास्तर अदबीनं म्हणाले, "बाई, आप तो डाँट रहे थे. मैं समझा मेरे कू डाँट रहे. डाँटते वक्त लिखना बेअदबी है ना?"

*

शेवटी मी पोरींनाच विचारलं. म्हणलं, पोरींनो, मी तुम्हाला कशी शिकवते ते सांगा. लिहायचंय.

तिसरीत सुगुणा म्हणून एक पोर होती. रेल्वेच्या क्वार्टरमधली, घरी तेलुगू. तिच्या वडिलांनी तिला मराठी शाळेत का घातली? तर तेलुगू शाळेला जायचं तर रूळ ओलांडावे लागत, आणि आमच्या शाळेला लागत नसत. पोरगी हुकूम सोडणारी. मराठी बोलायची ती माझ्यासारखं बोलायची, कारण ऐकलं तेवढं माझंच. तिच्या आईनं एकदा मला रस्त्यात थांबवून हातवाऱ्यांनी विचारलं होतं की ही मराठीत बोलायला लागली की कमरेवर हात का ठेवते.

सुगुणा उभी राहिली. कमरेवर हात. "बाई, तुम्ही आम्हाला काही शिकवत नाही. आम्हीच तुम्हाला शिकवतो. आणि तुम्हाला लवकर कळत नाही."

बाकीच्या पोरी मी काय करते बघत राहिल्या.

मी म्हणलं, "बस खाली. खरं आहे ते."

त्या संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी मी कागद घेतला आणि लिहिलं. एकच ओळ झाली. ‘मला जे येत नाही ते मी पोरींच्या देखत शिकते, आणि चूक कोणाला पुसू देत नाही.’

परत वाचलं. आणखी काही घालायचं राहिलंय का, म्हणून पुष्कळ विचार केला. काही राहिलं नव्हतं. खाली सही केली. सही मात्र मोठी केली.

आमचे हे म्हणाले, "अगं, अर्ज करावा तर जरा पाल्हाळ लावावा. कोर्टात एवढ्यानं तारीखसुद्धा मिळायची नाही."

मी म्हणलं, "कोर्टात खोटं असतं, त्याला जागा लागते."

*

आता ऐका त्या ओळीचं पुढं काय झालं.

मोठ्या बाईंनी वाचली. "एवढंच?"

"एवढंच आहे."

"द्वारकाबाई, तुमची नोकरी आहे हो यात."

"म्हणूनच खरं लिहिलं."

त्यांनी तो कागद कादरी मास्तरांच्या टेबलावर ठेवला. ठेवला तो निव्वळ सवयीनं. जुन्या राज्याचा कारभार उर्दूत, म्हणून वर्षानुवर्षं आमच्या शाळेतनं खात्याकडं जाणारा प्रत्येक कागद आधी कादरी मास्तरांकडं जायचा, उर्दूत व्हायचा, मग खात्याकडं जायचा. राज्य बदललं, खातं बदललं, तरी कागदाचे पाय त्याच वाटेनं चालले.

कादरी मास्तरांनी उर्दू केलं. पण त्यांना वाटलं, एवढी बाई आणि एवढीशी ओळ, बरं नाही दिसत. उर्दूत तर बिलकुल नाही. म्हणून आधी थोडी दुवा घातली, मग इल्माची शमा घातली, मग शमेभोवती परवाने घातले. पान भरलं.

तेवढ्यात खात्याचं स्मरणपत्र आलं की कागद इंग्रजीत हवा. मोठ्या बाईंनी ते उर्दू पान देशपांडे मास्तरांना दिलं. त्यांचं कॉलेज सगळं उर्दूतनं झालेलं, त्यांना काही अडचण नव्हती. मास्तरांना उर्दू वाचून फार वाईट वाटलं. शमा आहे, परवाने आहेत, आणि बालकाच्या सुप्त शक्तींचं नाव नाही! त्यांनी कपाटातनं पुठ्ठा काढला आणि स्वतःचं रोपटं, माळी आणि वाटिका, सगळं उचलून माझ्या नावावर लावलं. स्वतःची आयुष्याची पुंजी दिली म्हणा की. दोन पानं झाली. टाइप करून आणायला ते स्वतः सायकलवरून हिमायतनगरपर्यंत गेले.

मला यातलं कोणी काही सांगितलं नाही. दोघांनीही गुपचूप केलं. दोघांनाही वाटत होतं की आपण बाईंची नोकरी वाचवली.

*

साहेब आले.

सुब्बाराव म्हणून होते. समुद्राकडच्या जिल्ह्यातले, राजधानीबरोबर बदली होऊन आलेले. तरणे, सडपातळ, बुटाला आरशासारखं पॉलिश. तेलुगू आणि इंग्रजी फर्डं. उर्दू नाही, मराठी नाही, हिंदी म्हणायला चार शब्द. आणि खात्यानं त्यांच्याकडं शहरातल्या सगळ्या मराठी शाळा दिलेल्या!

ऑफिसात, म्हणजे माडीच्या खोलीत, आम्ही सगळे उभे. साहेबांनी माझा कागद काढला आणि मोठ्यानं इंग्रजीत वाचायला लागले. देशपांडे मास्तर माझ्या कानाशी मराठी करत होते. आवाज हळूहळू बारीक होत चाललेला.

"या बाई बालकाला कोवळं रोपटं मानतात... या बाईंच्या मते वर्ग ही वाटिका... ज्ञानाच्या ज्योतीभोवती बालकरूपी पतंग..."

"कोण या बाई?" मी विचारलं.

मास्तरांनी खाली बघितलं. "तुम्ही."

साहेबांचं वाचून झालं. खूश दिसत होते. इंग्रजीत म्हणाले की असं सुंदर स्टेटमेंट मी कुठल्याच शाळेत वाचलेलं नाही. सहीला पेनचं टोपण काढलं. एक सही, की माझी नोकरी पक्की.

कादरी मास्तरांनी डोळ्यांनी मला खुणावलं: बाई, चुप. माझ्या आयुष्यात लोकांनी मला ती खूण पुष्कळ केलेली आहे.

मी म्हणलं, "साहेब, या बाई फार चांगल्या दिसतात. त्यांना जरूर ठेवून घ्या. पण त्या मी नव्हे."

साहेबांना कळेना. त्यांनी देशपांडे मास्तरांकडं बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. कादरी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मग मोठ्या बाई, ज्या खात्याच्या माणसासमोर कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या, एक पाऊल पुढं आल्या आणि मी म्हणाले ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. वर आपणहून माझी खरी ओळही सांगितली. त्यांना ती पाठ होती.

साहेबांनी पेनचं टोपण परत लावलं. "एवढंच?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढंच आहे."

साहेबांनी टाइप केलेली दोन पानं घडी करून बाजूला सारली. चेहरा उतरला होता. राग असावा; फसवल्यासारखं वाटलं असावं. म्हणाले, "बाईंना तेलुगू येतं का?"

"नाही."

"पुढच्या वर्षापासून तिसरीला तेलुगू अक्षरं शिकवावी लागणार आहेत. मग या काय करणार?"

मोठ्या बाईंनी मराठी करून सांगितलं. मी म्हणलं, "त्यात बोलायचं काय? चला, दाखवते."

*

माझ्या नोकरीचा हुकूम पुढं रीतसर आला. ‘या बाईंना ट्रेनिंगची अट लागू नाही’ एवढाच. तीही एकच ओळ. पण तो यायच्या आधीच शाळेत सगळ्यांना निकाल ठाऊक झाला होता, तो त्या दिवशी ओसरीवर.

मी चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसले. म्हणलं, "सुगुणा, ऊठ. मला तेलुगू येत नाही. साहेब म्हणतात शिकवायला लागेल. शिकव."

सुगुणा उठली. साहेबांकडं तिनं एकदा बघितलं, बुटांकडं एकदा बघितलं, आणि खडू घेऊन फळ्यावर तेलुगूतला पहिला अ काढला. वेटोळं घालून निजलेल्या मांजरासारखं अक्षर. शेपूट आत गुंडाळलेलं.

मी पाटीवर काढलं. माझ्या मांजराचं शेपूट भलतीकडं गेलं. मला वाटलं, जमलं.

"चूक आहे," सुगुणा म्हणाली.

"कुठं?"

"शोधा."

मी शोधायला लागले. फळ्याकडं बघावं, पाटीकडं बघावं. दारात सगळी शाळा उभी. मोठ्या बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं. देशपांडे मास्तरांना तेलुगू येत होतं, त्यांच्या बोटांची नुसती चुळबुळ. वेळ चालला होता, आणि खरं सांगते, मला शेपूट दिसत नव्हतं. मी सगळं बघितलं, डोकं बघितलं, पोट बघितलं, शेपटाकडं काही नजर जाईना.

साहेबांनाच राहवलं नाही. शेवटी ते त्यांचं स्वतःचं अक्षर, आईनं हात धरून गिरवून घेतलेलं. ते दोन पावलं पुढं आले, वाकले, खिशातनं पांढरा स्वच्छ रुमाल काढला आणि माझ्या पाटीकडं हात नेला.

"ओ साहेब!"

सुगुणा. कमरेवर हात.

"पुसायचं नाही. बाईंची चूक आहे, बाईच शोधतील."

आधी मराठीत म्हणाली. मग त्यांना कळावं म्हणून तेच तेलुगूत.

साहेब वाकलेलेच राहिले. रुमाल तसाच हातात. मग ते हळूहळू सरळ झाले, रुमालाची घडी केली, खिशात ठेवली. फळ्याच्या वर भिंतीवर पोरींनी काढलेल्या मराठी अक्षरांची रांग होती, त्यातलं एकही त्यांना येत नव्हतं, तिच्याकडं ते बघत राहिले. आणि सुगुणाला, का कोण जाणे, तेलुगूत नाही, त्यांच्या त्या चार शब्दांतल्या हिंदीत म्हणाले, "मैं किधर बैठूँ?"

सुगुणानं सतरंजीवर नजर फिरवली. वत्सलाची रिकामी जागा तिनं दाखवली.

"तिथं, बाईंच्या मागं. पुढं नाही. बाईंना लांबचं दिसत नाही." आणि फळ्याकडं वळता वळता, "बूट बाहेर काढून या."